पायपट्टीची दोरी

छावणी, ३ नोव्हेंबर १९४०

आगाफ्या सावेल्येव्ना,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. झाल्या नसतील तर आधी देऊन घे, मी थांबतो.

तुझी चूल मी पाडली, हे खरं. नवी उभी करायच्या आत सैन्याचं बोलावणं आलं, हेही खरं. मधल्या दिवसांत मी नदीवर तराफेवाल्यांकडे गेलो आणि तिथेच रमलो, हे तुला कोणीतरी सांगितलं असेलच, म्हणून मीच लिहितो. एक म्हातारा तराफेवाला नुसत्या शिट्टीवर कुत्र्याला या तराफ्यावरून त्या तराफ्यावर पाठवायचा. असं कुत्रं मी आजवर पाहिलेलं नव्हतं. असो. अंगणात रचलेल्या विटांवर गवत टाक, नाहीतर गारठ्याने फुटतील.

आता मी पायदळात आहे. पायदळ म्हणजे आधी पाय. बुटात मोजे नसतात, फडक्याच्या लांब पट्ट्या पायाला गुंडाळायच्या असतात. एक सुरकुती राहिली की संध्याकाळी कातडं सोलून निघतं. आमचा सार्जंट म्हणतो, बंदूक नंतर, आधी पायपट्टी. गेल्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात आपल्या लोकांचं जे झालं, त्यानंतर वरच्यांनी ठरवलंय की लढाईत जे भोगावं लागेल तेच छावणीत भोगायला लावायचं. म्हणून बराकी असूनही आम्ही ओल्या रानात झोपतो.

आणि खड्डे खणतो. एक माणूस, एक खड्डा. छातीएवढा खोल, आत एकट्याने बसायचं. शेजारचा खड्डा एवढा लांब की मोठ्याने ओरडलं तर ऐकू यावं, पण शेजारी दिसू नये. नियमांच्या पुस्तकात तसं आहे. का, म्हणून मी विचारलं. तर गोळा पडला की एकच मरेल, जास्त नाही. हिशेब बरोबर आहे, फक्त तो एक कोण, ते हिशेबात नाही.

मला बसवत नाही गं. सार्जंट फेरीला येतो तेव्हा मी दरवेळी काठावर. काल म्हणाला, "वोरोन्चिखिन, बुडाखाली निखारे ठेवलेत का?"

सुटलो की येतो आणि चूल बांधतो.

येफिम

झाबोलोत्ये, ११ डिसेंबर १९४०

येफिम,

शिव्या अजून संपलेल्या नाहीत. हात पुसण्याइतकाही वेळ नाही म्हणून थोडक्यात लिहिते.

अर्ध्या घराएवढी चूल होती. तिच्या उबदार माथ्यावर माझी आई झोपली, आजी झोपली, आम्ही दोघं भावंडं तिच्यावरच लहानाची मोठी झालो. धूर कोंडतो म्हणून तुला बोलावलं, तर तू ती पाडून कुत्रं बघायला गेलास. आता मी, धाकटा भाऊ गोर्देय आणि बकरी न्हाणीघरात राहतो, तिथे वाफेची छोटी भट्टी आहे म्हणून जगलो. बकरीचं नाव येफिम ठेवलंय. तीही खुंटाला टिकत नाही.

सामुदायिक शेतावरच्या गोठ्यातून परत आले की मी थोड्या थोड्या विटा घरात आणून ठेवते. तुझी वाट बघणार नाही. धुराची वाट कशी करायची तेवढं नीट लिही. कुत्र्याबद्दल लिहू नकोस.

गोर्देय तुला नमस्कार सांगतो. त्याला तू आवडतोस, का ते मला कळत नाही.

आगाफ्या

छावणी, २ फेब्रुवारी १९४१

आगाफ्या,

बकरी बाई आणि नाव येफिम. त्या जनावरावर अन्याय आहे.

नीट ऐक. धुराला सरळ वाट द्यायची नाही. धूर माझ्यासारखा आहे, सरळ वाट दिसली की पळतो आणि जाताना ऊब घेऊन जातो. म्हणून त्याला वळवायचं. चुलीच्या पोटातून निघाला की उजवीकडे, मग खाली, मग पुन्हा वर आणि मग धुराड्यात. प्रत्येक वळणावर तो थोडा अडखळतो आणि अडखळला की थोडी ऊब विटांपाशी ठेवून जातो. मातीच्या गाऱ्यात वाळू किती घालायची ते बोटाला कळतं. गोळी करून जमिनीवर टाक. फुटली तर वाळू जास्त, चपटी झाली तर कमी.

इथे नव्या बंदुका आल्यात, आपोआप भरणाऱ्या. दिसायला देखण्या, पण वाळूचा कण गेला की रुसतात. मला जुनीच दिली. तिला लांब संगीन कायमची लावलेली असते. काढली तर गोळी बाजूला जाते, कारण नेमच संगीन लावून बसवलेला आहे. म्हणजे झोपतानाही टोक. परवा एकाने बराकीत वळताना दिवा फोडला. टोकदार कापडी टोप्या जाऊन आता केसाळ कानटोप्या आल्यात. कान वाचले. नाहीतर फिनलंडहून आलेल्यांचे कान बघण्यासारखे आहेत. एकाचा तर वाळलेल्या जर्दाळूसारखा

(पुढे लिहायचं होतं पण हाळी झाली. पत्र टाकतो.)

येफिम

रुग्णालय, १८ ऑक्टोबर १९४१

आगाफ्या,

मी जिवंत आहे. डाव्या खांद्यातून लोखंडाचा तुकडा काढलाय. हात वर जातो, विटा उचलता येतील.

उन्हाळ्यात जर्मन चालून आल्यावर काय झालं ते विचारू नकोस. आयुष्यभर मी भटकलो, पण इतक्या वेगाने आणि एकाच दिशेला कधी नाही. छावणीत माझ्या रांगेत जे होते त्यांपैकी इथे कोणी नाही.

परिचारिका सांगते की आम्हा बऱ्या झालेल्यांना आपल्याच प्रांतात उभ्या राहणाऱ्या नव्या तुकडीत पाठवणार. तिथे सगळी वीस वर्षांच्या आतली पोरं. आम्ही म्हणजे त्यांच्यात जुने. मी जुना, हसू येतं.

इथली भट्टी धूर ओकत होती. बिछान्यावर पडून राहवेना, म्हणून काल एका हाताने मी तिची दोन वळणं मोकळी केली. मोठ्या डॉक्टरीणबाई रागावल्या, मग तिच्याजवळ उभ्या राहून हात शेकत राहिल्या.

येफिम

झाबोलोत्ये, ९ जानेवारी १९४२

येफिम,

गोर्देयला नेलं. जिथे तुला पाठवणार म्हणतोस त्याच छावणीत त्याला उतरवलंय, गावातल्या सगळ्या पोरांना तिथेच नेलंय.

आता मी लिहिते ते हसण्यावारी नेऊ नकोस. तो सहा वर्षांचा असताना आईने त्याला तळघरात बटाटे निवडायला बसवलं होतं. कोणीतरी शिडी वर ओढली आणि विसरलं. संध्याकाळी सापडला. तेव्हापासून एकटा कोंडला गेला की तो पळतो. ठरवून नाही, येफिम. त्याला कळायच्या आत पाय पळतात. आणि तू तुमच्या खड्ड्यांबद्दल मला लिहिलं आहेस, ते मी विसरलेले नाही.

पळालेल्याचं तिथे काय करतात ते आम्हाला इथेही माहीत आहे. त्याच्या माघारी घरच्यांना काय म्हणतात तेही. पण लोक काय म्हणतील याची मला पर्वा नाही. आई-बाप गेल्यावर मला हा एकच उरला आहे.

तुझ्याकडून मला चूल नको. तो तुझ्या नजरेत राहू दे. तू कुठेही टिकत नाहीस, हे मला ठाऊक आहे. या एका गोष्टीपाशी टिक.

आगाफ्या

आघाडी, २५ एप्रिल १९४२

आगाफ्या,

तो माझ्या पथकात आहे. आपोआप आलेला नाही, मी आणलाय. आमचा सार्जंट बुल्दाकोव माझ्या तंबाखूच्या आख्ख्या पिशवीला बधला आणि म्हणाला, "घे तुझं पिल्लू."

तू म्हणालीस नजरेत ठेव. ठेवला असता, पण इथेही तेच पुस्तक आणि तेच खड्डे. त्याचा खड्डा माझ्या उजवीकडे, मध्ये एका जुन्या बर्चचा बुंधा. मी उभा राहिलो तरच तो दिसतो, आणि उभं राहिलं की समोरचा जर्मन नेम धरतो. पहिल्या दिवशी हाका मारून घसा बसला.

मग आम्ही दोघांनी जुन्या पायपट्ट्या उभ्या फाडल्या, वळल्या आणि दोरी केली. गवतातून सोडली. एक टोक माझ्या मनगटाला, एक त्याच्या. एक हिसका म्हणजे "आहेस का?" उलट एक हिसका म्हणजे "आहे." दोन हिसके म्हणजे "मी तुझ्याकडे येतोय." दोन अजून कोणी दिलेले नाहीत, कारण हुकमाशिवाय खड्डा सोडायचा नाही.

आता दिवसभर आम्ही मासे पकडणाऱ्यांसारखे बसलेले असतो. कधी कधी तो उगाचच ओढतो. मीही. बुल्दाकोवने पाहिलं. विचारलं, काय रे हे, घोड्याला लगाम का? मी म्हटलं, घोडं कोण ते अजून ठरलेलं नाही. त्याला हसू आलं असावं, कारण तो खोकला.

इथे बेडूक फार. संध्याकाळ झाली की असे ओरडतात की तोफाही

असो. चुलीचं काय?

येफिम

झाबोलोत्ये, ३० मे १९४२

येफिम,

दोरीचं वाचून मी गोठ्यात बसून रडले. गायीने पाहिलं, दुसऱ्या कोणी नाही.

चूल वरपर्यंत आणली. पेटवली. सामुदायिक शेताच्या अध्यक्षांची बायको बघायला आली होती, तिच्यादेखत. धूर छान गेला, मी खूश. पण चूल गरमच होईना. सगळी लाकडं जळाली आणि विटा गारच. तुझं जुनं पत्र काढून वाचलं, तेव्हा कळलं, घाईत मी वळणं गाळली होती. पोटापासून धुराड्यापर्यंत एकच सरळ वाट. तूच लिहिलं होतंस, सरळ वाट दिली तर आत शिरलेलं सगळं तसंच्या तसं पलीकडे निघतं. मी वरच्या विटा काढल्या. पुन्हा बांधते आहे, या वेळी वळवून.

तुझ्या आधीच्या पत्रातल्या काही ओळी काळ्या करून आल्या. तपासणारे वाचतात हे मला कळतं. पण गोर्देय कसा आहे ते खरं कळव. तो स्वतः लिहितो "छान आहे." इतकं छान कोणी नसतं.

आगाफ्या

२० ऑगस्ट १९४२

आगाफ्या,

हे पत्र टपालाने येत नाही. पाखोम म्हणून पलीकडच्या गावचा एक जण हात गमावून घरी चाललाय, त्याच्या अस्तरात शिवलंय. वाचून चुलीत टाक. कशीही असली तरी जाळायला चालेल.

खरं विचारलंस म्हणून सांगतो. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी खड्ड्यातून डोकं वर काढलं तर डावीकडचा खड्डा रिकामा आणि उजवीकडचाही. मेले, पळाले की हुकमाने मागे गेले, मला कळलंच नाही. आख्ख्या शेतात मी एकटा, पश्चिमेला बंदूक रोखून. एकटा माणूस शूर असतो की नाही ते तो स्वतः कधी सांगू शकत नाही, कारण बघायला कोणी नसतं. मी पळालो. सगळ्यांबरोबर पळालो असतो तर त्याला माघार म्हणाले असते.

जुलैत इथे तोफा सुरू झाल्या तेव्हा तुल्कीन नावाचा पोरगा खड्ड्यातून उठून चालायला लागला, बाजाराला निघाल्यासारखा. त्याला पकडलं. आमची तुकडी एका माणसाने कमी झाली, आणि तो जर्मनांनी मारलेला नव्हता. आम्हाला रांगेत उभं करून बघायला लावलं. मग हुकूम वाचून दाखवला की आता एक पाऊलही मागे नाही.

त्याच संध्याकाळी पुन्हा मारा झाला. माझ्या मनगटाला दोन हिसके बसले. मी ओरडलो, थांब, पण कोणाला ऐकू जातंय. गोर्देय उघड्यावरून धावत आला आणि माझ्या खड्ड्यात माझ्याच डोक्यावर पडला. दोघांना जागा नाही, एकमेकांत मुळ्यासारखे रुतून बसलो. तो म्हणाला, "येफिम, मी मागे पळालो नाही. बघितलंस ना, मागे नाही?" मी म्हटलं, बघितलं. पण ते फक्त मीच बघितलं होतं. दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर त्याला उघड्यावर पळणारा एक शिपाई दिसला असता, दिशा नाही.

म्हणून मी खणायला घेतलं. माझ्या खड्ड्यातून त्याच्या खड्ड्याकडे, आडवं. तोही पलीकडून खणायचा. छोट्या फावड्याने, काढलेली माती हिरवळीने झाकत. मला एका जागी बसवत नाही हे या वेळी पहिल्यांदा उपयोगी पडलं. दोन्ही टोकं भिडली तेव्हा त्याचा मातकट हात पहिल्यांदा बाहेर आला, आणि मी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. बरे आहात ना, गोर्देय सावेल्येविच?

बुल्दाकोवला ते सापडलं. म्हणाला, पुस्तकात खड्डे आहेत, बिळं नाहीत, आणि तुझ्यासारख्या भटक्याला पळायची वाट हवी असते हे मला ठाऊक होतं. त्याने लेफ्टनंट पेरेस्लेगिनला बोलावलं. हा लेफ्टनंट म्हणजे माझ्याहून लहान पोरगा, मिशी नुकतीच फुटलेली, पण हुकूम न पाळणाऱ्याचं काय करायचं ते त्याच्याच हातात होतं. गोर्देयचा चेहरा चुन्यासारखा. लेफ्टनंट वाकून आत बघत बसला.

"वोरोन्चिखिन, ही वाट मागे जाते?"

"नाही, साहेब. शेजारी जाते."

त्याने गुडघ्यावरची माती झटकली. मग म्हणाला, "मग राहू दे."

आता तुझी गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझं चुलीचं पत्र आलं. सरळ वाट दिली तर आत शिरलेलं सगळं तसंच्या तसं पलीकडे निघतं. मी वाचलं, हसलो, तुझ्या त्या अध्यक्षांच्या बायकोचा चेहरा डोळ्यापुढे आणला. आणि मग माझ्या चराकडे पाहिलं. बर्चच्या मुळांखालूनही सूत लावल्यासारखा सरळ. आगाफ्या, आयुष्यभर मी चुली बांधल्या आणि खणताना मला हे सुचलं नाही, कारण मला त्याच्यापर्यंत लवकर पोचायचं होतं. तुलाही घाईच झाली होती. आम्ही मधली वाट बुजवली आणि बर्चच्या बुंध्याला वळसा घालून नवी काढली. गोर्देय कुरकुरला, "एवढा वळसा कशाला, अंगणात का फिरायचंय?" मी म्हटलं, तुझ्या ताईचा हुकूम आहे.

परवा पुन्हा मारा झाला. मी ओढलं, उत्तर नाही. पुन्हा ओढलं. नाही. मग दोन हिसके दिले आणि वाकून त्याच्याकडे गेलो. तो खाली डोकं घालून बसला होता, दोरी मनगटावरून सुटलेली, पण बसलेला होता. मी खांद्याला हात लावला तोच माझ्या खड्ड्यात गोळा पडला. माझ्या, म्हणजे जिथे मी बसलेला असायचो तिथे. झोत चरातून आला, बुंध्याच्या वळणावर आपटला, अर्धी भिंत ढासळली. आमच्यापर्यंत आली ती फक्त माती आणि गरम हवा. कान अजून वाजतात. दोघंही आहोत.

म्हणून लिहितो, वळणं गाळू नकोस.

येफिम

झाबोलोत्ये, ४ ऑक्टोबर १९४२

येफिम,

पाखोम आला. पत्र वाचलं. जाळलं.

चूल गरम होते. हात ठेवला तर दुसऱ्या सकाळीही ऊब लागते. वरती झोपायची जागा केली आहे, दोघांना पुरेल एवढी रुंद. बकरीला धरून तीन.

त्याला एकटा सोडू नकोस.

आगाफ्या

आघाडी, २७ फेब्रुवारी १९४३

आगाफ्या,

पायदळाचं नवं पुस्तक आलंय. आता खड्डे नाहीत. आख्ख्या फळीला एकच खंदक, वाकडातिकडा, दर थोड्या अंतरावर वळण. चालत शेजाऱ्याकडे जायचं, विस्तव मागायचा, चहा घ्यायचा. आम्ही जमिनीखाली गल्ल्यांचं गाव वसवलंय. मी बुल्दाकोवला म्हटलं, वरच्यांनी बहुतेक एखाद्या चूलवाल्याला विचारलं असणार. तो म्हणाला, त्यांनी मेलेल्यांना विचारलं. तो असं कधी बोलत नाही. मग आम्ही दोघांनी तंबाखू ओढली.

अधिकाऱ्यांना खांद्यावर पट्ट्या आल्यात, जुन्या काळासारख्या. परवा एका गावात म्हातारीने लेफ्टनंटला पाहून छातीवर क्रूसाची खूण केली आणि विचारलं, बाबा, झार परत आला का? बिचारा लाल झाला.

आता तुला राग येईल ते. खाली गोळ्यांची गोल डबी असलेल्या हलक्या मशीनगनवाल्या पोरांची वेगळी तुकडी केलीय. ते रणगाड्याच्या पाठीवर बसून जातात. गोर्देयला निवडलं. मी लेफ्टनंटकडे गेलो, पण त्याच्याआधी गोर्देयच म्हणाला की जायचंय. म्हणाला, "तिथे खड्डा नाही, येफिम. तिथे सगळे एकमेकांना धरून बसतात."

आम्ही दोरी मधोमध कापली. अर्धी त्याच्याकडे, अर्धी माझ्याकडे.

येफिम

झाबोलोत्ये, २ मे १९४३

येफिम,

रणगाड्याच्या पाठीवर. म्हणजे सगळ्यांत पुढे, आणि वर छप्पर नाही. आणि तू जाऊ दिलंस.

मी तुला एकच गोष्ट मागितली होती.

आगाफ्या

पश्चिमेकडे, १२ सप्टेंबर १९४३

आगाफ्या,

तुझं पत्र खिशात घेऊन मी इतके दिवस चाललोय. 

आम्ही पुढे जातोय. गावं लागतात, पण घरं नाहीत. लाकडाची घरं जळतात, चूल जळत नाही. शेतात रांगेने चुली उभ्या, वर धुराडी, भोवती राख. लांबून वाटतं माणसं उभी आहेत. बायका तळघरांतून वर येतात आणि उघड्यावर त्याच चुलीत बटाटे भाजतात, चार भिंती असल्यासारख्या झाकणं ठेवून. मी जाता जाता हात लावून बघतो. एकीत वळण फार सुंदर होतं, ज्याने बांधली त्याला मी भेटलो असतो. रांगेतून मागे पडलो म्हणून शिक्षा झाली.

गोर्देयचा रणगाडा ऑगस्टच्या शेवटी जळाला. मी तिथे पोचलो तेव्हा फक्त लोखंड होतं. त्यांच्यातला एक पोरगा म्हणाला, गोर्देय उडी मारून उतरला, पुढे दिसला नाही. कोणी म्हणालं मागे गेला. मी त्या माणसाची कॉलर धरली. नंतर सोडली. त्याला काय माहीत.

मी मोकळ्या रानात माझा अर्धा तुकडा हातात धरून बसलो होतो. ओढला. तू हसशील. ओढून बघितला.

मी टिकलो नाही असं तू म्हणशील. मला तेच वाटतंय.

येफिम

झाबोलोत्ये, १४ डिसेंबर १९४३

येफिम,

हे पत्र कुठे पोचेल ते देवाला ठाऊक. तू वाचेपर्यंत मी रोज हेच पत्र मनात लिहीत राहणार आहे.

गोर्देय घरी आहे. डावं पाऊल नाही, बाकी सगळा आहे. काल बकरीवर ओरडला, म्हणजे ठीक आहे.

ऐक. रणगाड्यावरून उतरताना त्याच्या पायाला लागलं. तो गोळ्याच्या एका खळग्यात पडला, एकटा. वरून लढाई गेली आणि परत आली. तो तिथेच पडून राहिला, सगळा दिवस आणि त्याच्या पुढचाही. पाय पळाले नाहीत. मी म्हटलं, पळणार कसे, पाऊलच नव्हतं. तो म्हणाला, "ताई, रांगता येत होतं. मागे रांगत जाता आलं असतं, अंधार होता. पण मी दोरीचं एक टोक मनगटाला बांधलं, दुसरं एका मुळाला, आणि ओढत राहिलो. मुळाने उत्तर दिलं नाही. पण पलीकडे येफिम आहे असं धरून चाललो." आपले लोक पुढे आले तेव्हा त्यांना तो तोंड पश्चिमेकडे करून पडलेला सापडला, बंदूक हातात. मागे गेला म्हणणारा जो कोणी आहे त्याला हे वाचून दाखव.

मी तुला मे महिन्यात जे लिहिलं ते परत घेते. एवढंच.

तू चूल बांधायला येऊ नकोस. ती बांधून झाली आहे, गिलावाही केला, फक्त एका कोपऱ्यात धूर किंचित परततो, तो मला चालतो. झोपायला ये.

आपल्या दाराची कडी आतून पडते, बाहेरून दोरी ओढली की उठते, तुला माहीत आहे. जुनी दोरी कुजली होती. गोर्देयने त्याचा तुकडा तिथे बांधलाय. पायपट्टीचा आहे म्हणून पोरं हसतात. मी काढू देत नाही.

आगाफ्या

स्मोलेन्स्कच्या अलीकडे, ७ ऑक्टोबर १९४५

आगाफ्या,

सुटलो. कागद मिळाला, गाडीत बसलो, पूर्वेकडे. आणि आता रागावू नकोस. एका स्टेशनावर गरम पाणी घ्यायला उतरलो होतो. रुळांच्या पलीकडे एक बाई पावसात चुलीपुढे वाकलेली, वर फळ्यांचं नुसतं छप्पर, आणि सगळा धूर तिच्या तोंडात. मी म्हटलं, बाई, तुमची वळणं बुजलीत. ती म्हणाली, मग उभे का, हात आहेत ना? गाडी गेली.

तिची केली. मग तिच्या शेजारणीची. मग तिसरीने रस्त्यातच धरलं. इथे पोरं मला चूलकाका म्हणतात. बुल्दाकोव असता तर छावणीतल्या त्या पहिल्या सार्जंटसारखंच म्हणाला असता, वोरोन्चिखिन, पुन्हा बुडाखाली निखारे. तो ओडर नदीपाशी राहिला. लेफ्टनंटही. खंदकात राहिले असते तर वाचले असते, पण तेव्हा आम्ही खंदकातून बाहेर पडून पळत होतो, पुढे, आणि पळण्याचं पुस्तक कोणी लिहिलेलं नाही.

चौथी म्हातारी आहे. ती रोज विचारते, तुझं घर कुठे. मी रोज काहीतरी वेगळं सांगायचो. आज सकाळी तोंडातून निघालं, झाबोलोत्ये. ती म्हणाली, मग इथे काय करतोस, माझी चूल काय, सरपण नाही तर तशीही थंडच आहे. मी गारा ढवळत राहिलो. इतकी वर्षं मी रस्त्याला घाबरलो नाही. तुझ्या अंगणाला घाबरतोय, एवढं खरं आहे. तिथे पोचलो की पुढे कुठे जायचं ते उरत नाही.

तिची चूल पेटवून पाहिली. धूर नीट जातो. तिने खिशात उकडलेले बटाटे कोंबले आणि स्टेशनापर्यंत स्वतः आली, मी मध्येच कुठे थांबू नये म्हणून. हे पत्र तिच्यासमोर लिहितोय. ती खिडकीशी उभी आहे आणि गाडी सुटेपर्यंत हलणार नाही म्हणते.

तो कोपऱ्यात परतणारा धूर तसाच ठेव, बघू.

दार ठोठावणार नाही. दोरी दोनदा ओढीन.

येफिम